ढेमसू अस्वल कुठून आलं?

"थांबा! कोणीही गुपचुप खाऊ नका!"

मृणाल ओरडली, तेव्हा पाणीपुरीसारखं, पाण्याने टम्म भरलेलं गुपचुप तिचा मित्र गोलू याच्या ओठांपर्यंत पोचलं होतं. तो दचकला आणि सगळं तिखट पाणी शर्टावर!

"कावून? माशी पडली का त्याच्यात?"

"माशी नाही रे! ढेमसू! तो बघ, ढेमसू!"

खुर्सीपारच्या बाजारात धूळ फार. म्हणून गुपचुपवाल्याने गाड्याला काचेऐवजी प्लास्टिकचा एक पारदर्शक ताव बांधला होता. आणि त्या तावावर, एक पाय उचलून, चक्क ढेमसू अस्वल उभं होतं!

ढेमसू कोणाला माहीत नाही? ढेमशासारखं गोल गरगरीत अस्वल! मृणालचे बाबा शाळेत होते तेव्हा ते दर रविवारी टीव्हीवर यायचं. आता मोबाईलवर दिसतं. ते बघितल्याशिवाय लहानपणी मृणालच्या तोंडात घास जात नसे. ढेमसू एक शब्दही बोलत नाही. खूश झालं की फक्त "हुर्रर्र-हुप्!" अशी आरोळी ठोकतं.

"छापलेलं असेल," कौस्तुभ म्हणाला. मृणालचा हा मोठा भाऊ पुराव्याशिवाय काहीच मानत नसे.

मृणालने तावाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं. रंग बोटाला जाणवत होता, सुकलेल्या खिरीच्या सायीसारखा जाड!

"हे रंगवलंय, दादा. हाताने!"

"अबे, इकडे बी आहे!" शेजारच्या भज्यांच्या गाड्याकडून गोलू ओरडला. तिथेही तसाच ताव होता. फक्त ढेमसूचा पाय जरासा जास्त वर उचललेला.

दोन्ही गाडेवाल्यांच्या विनवण्या करून मृणालने ताव सोडवून घेतले. एकावर एक ठेवून ते तिने उन्हात धरले आणि वरचा ताव झटकन उचलला. ठेवला. पुन्हा उचलला.

ढेमसू चाललं!

भर बाजारात, तळणीच्या वासात, त्यांच्या हातात ते अस्वल पाय हलवत होतं.

"भैया, ये कहाँ से लाया?" गोलूने विचारलं.

"धोंडबा कबाडी के यहाँ से. ढेर पड़ा है!"

बाजाराच्या टोकाला धोंडबा भंगारवाला टेम्पोत बसतच होता. "रुआबांध्याच्या मंडळाचा हॉल खाली करून राहिले ना," तो म्हणाला. "त्यातलाच माल. उरलेला आता उचलतो. कुरुदचा भट्टीवाला गाळते अन् बादल्या बनवते."

"बादल्या? ढेमसूच्या?" मृणालचा आवाज फाटला. "चला! सायकली काढा!"

ऊन रणरणत होतं. टेम्पो पुढे निघून गेला, पण वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं आणि त्यांनी त्याला गाठलं. तिघं घामाघूम होऊन हॉलपाशी पोचले, तेव्हा मंडळाचे सचिव रामाजीकाका दारात फोनवर बोलत उभे होते. "हो हो, व्यायामशाळाच! सगळा कचरा आज काढतोय!"

"काका, तो कचरा नाही! ढेमसू आहे!"

"कार्टूनच ना? मोबाईलवर बघा की बेटा. जा, खेळा!" काका पुन्हा फोनमध्ये बुडाले.

मृणालने वर पाहिलं. माळ्यावर छतापर्यंत तावांनी भरलेली खोकी रचलेली होती. मोठी माणसं ऐकणार नव्हती आणि धोंडबा टेम्पोचं फळकं उघडत होता. आता काय?

हॉलच्या मागच्या दाराला लागूनच गोलूच्या घराचं अंगण होतं. मृणालच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"काका, उन्हात तुम्ही कशाला उभे राहता?" ती गोड आवाजात म्हणाली. "आम्ही हॉल रिकामा करून देतो ना. तुम्ही दोघं चहा घेऊन या."

"शाबास! याला म्हणतात संस्कार!" काका खूश होऊन धोंडबाला घेऊन टपरीवर गेले.

मग काय पळापळ झाली म्हणता! मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, फाटके फलक, गेल्या गणपतीतल्या फुटक्या बादल्या, सगळं पुढच्या दाराने टेम्पोत. आणि माळ्यावरची खोकी? ती मागच्या दाराने गोलूच्या अंगणात! गोलू शिडीवरून देत होता, कौस्तुभ झेलत होता आणि मृणाल पळत होती.

धोंडबा परतला आणि टेम्पो बघून हरखला. "एवढ्या खुर्च्या! भारी माल!" आणि टेम्पो निघूनही गेला.

"हे काय आनून राहिले रे पोट्टेहो?" ओसरीवर चिंच निवडत बसलेली भागीरथाआजी म्हणाली. गोलूच्या या आजीने एका खोक्यावरचं झाकण काढलं, आणि तिचे हात जागीच थांबले. तिने ढेमसूच्या पोटावरून हळूच हात फिरवला. मग तळहात तोंडाशी नेला, मान मागे टाकली आणि...

"हुर्रर्र-हुप्!"

तिघांच्या अंगावर सर्रकन काटा आला. नक्कल नव्हती ती! तीच आरोळी! खुद्द ढेमसूची!

"आजी... तू?" गोलू ओरडला.

"मंग कोन? गावाकडं म्हशी वळवतानी अशीच हाक देत होती मी. सत्यशीलाबाईनं आयकलं. म्हणे, भागीरथे, मले माह्या अस्वलाचा आवाज सापडला!"

"तू सांगितलं कावून नाही?"

"तुह्या बापाले सांगतलं. तो हासत सुटला. मंग म्या सोडून देल्लं."

सत्यशीलाबाई दोन गल्ल्या सोडून राहत होत्या. निवृत्त चित्रकला शिक्षिका. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेलेल्या बाई कालच परतल्या होत्या. मुलं धावत जाऊन त्यांना घेऊन आली. काळा चष्मा लावलेल्या बाई अंगणात उभ्या राहिल्या, आणि खाली फतकल मारूनच बसल्या.

"हॉल कोणी उघडला? मला विचारलंसुद्धा नाही!"

"बाई, ढेमसू मुंबईत बनलं ना?" कौस्तुभने विचारलं.

"मुंबईत? अरे, याच हॉलमध्ये! ड्यूटी संपवून स्टील प्लांटमधली माणसं यायची. रेघा पुढून मारायच्या आणि रंग मागून भरायचा, म्हणजे रेघ पुसत नाही. खाली जंगलाचं चित्र, त्यावर हा ताव, वर कॅमेरा. एक ताव ठेवला, खटक. काढला, दुसरा ठेवला, खटक. ढेमसूने एक ओढा ओलांडला की आमचा आठवडा संपायचा!"

"आणि पावसाचा आवाज?"

"सुपात तांदूळ घोळवायची ही भागीरथा. विजेसाठी पत्रा हलवायचो. शेवटी पडद्यावर आमची नावं यायची. पण तोवर सगळे टीव्ही बंद करून खेळायला पळालेले!"

मृणाल त्या खोक्यांकडे बघतच राहिली. आपण एका घासाबरोबर जे पाहून टाकायचो, ते या एवढ्या हातांनी रंगवलेलं होतं!

तेवढ्यात रामाजीकाका तावातावाने आत आले. "माळ्यावरची खोकी इथे कशी? मला फसवलंत?"

भागीरथाआजीने फक्त एक आरोळी ठोकली.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रागाने वर गेलेला हात हळूहळू खाली आला. "मी रविवारी आंघोळ टाकून बघायचो हे," ते पुटपुटले. "बाई, माझ्या हातून फार मोठी चूक होत होती. व्यायामशाळेला दुसरी जागा बघतो. हॉल ढेमसूचा! आणि या पोरांनी मला चहाला पाठवलं, ते बरंच केलं!"

"पोरांनो, मला दिसत नव्हतं तेव्हा तुमचे डोळे उघडे होते," बाई म्हणाल्या. "असे शिष्य मला शाळेतही मिळाले नाहीत."

आजीने तिघांच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

तोवर दिवेलागण झाली. कौस्तुभने एक चित्र उचललं. साल वृक्षांचं काळंभोर जंगल आणि वर पेटलेलं नारंगी आभाळ.

"बाई, हे तरी खोटं ना? अंधार पडल्यावर असं आभाळ कुठे असतं?"

बाई हसल्या आणि त्यांनी क्वार्टरच्या छतांपलीकडे बोट दाखवलं. तिकडे प्लांटमध्ये वितळलेल्या लोखंडावरची लालभडक मळी ओतली जात होती. बघता बघता अर्धं आभाळ नारंगी झालं, झाडं काळी पडली आणि तो उजेड अंगणातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर येऊन थांबला.

मृणाल जन्मापासून ते आभाळ रोज बघत होती. पण त्या संध्याकाळी तिची नजर त्यावरून हटेना; भागीरथाआजीला तिला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.