नाडीचा घोटाळा

"कोणत्या कानात वाजतंय?"

सुया टोचून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तर आत्याच्या गुडघ्यासाठी नुसती सोबत म्हणून गेले होते! पण बोलणाऱ्यापुढे सारखा डावा कान करायची माझी खोड त्यांनी हेरली होती.

"उजव्या… बारीक शिट्टी वाजते. थांबतच नाही."

शाळेत गाणं शिकवायचे मी तेव्हा. मुलांचा सूर लागतोय की माझा कान वाजतोय, तेच कळेनासं झालं होतं. मग पडद्याच्या एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी. कानामागे, मनगटाजवळ सुया. आधी मुंगी चावल्यासारखं, मग हात छान जड.

"हृदय, श्वास, घाम… आपल्याला न विचारता सगळं चालवणाऱ्या नसा असतात," ते समजवायचे. "त्या धास्तावल्या की शिट्टी जास्त बोचते. सुयांनी त्या निवाव्यात, नाडी मंदावावी."

आणि माझं मनगट हातात घ्यायचे. बोटं किती उबदार होती ती! नाडी मेली चौखूर उधळायची.

त्यांनी सुयांच्या जागा बदलल्या, खिडकी लावून घेतली, माझा चहासुद्धा तोडला. शेवटी एक दिवस पडेल आवाजात म्हणाले, "मला जमत नाहीये. उद्यापासून तुम्ही दुसरीकडे दाखवा."

"अहो, पण शिट्टी खरंच कमी झालीय…"

"नाडी तसं म्हणत नाही."

आता कोणत्या निमित्तानं यायचं इथं?

तेवढ्यात पडदा सरकला. आत्या! जन्म नर्स म्हणून गेलेला तिचा. "डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर व्हा बघू."

तिनं माझं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. "अगदी संथ आहे! या आता आत. धरा."

त्यांनी धरलं… पुन्हा तेच!

"सुया लागू पडल्यात हो," आत्या चप्पल शोधत म्हणाली. "हे दुसरंच काहीतरी आहे. तुमचं तुम्ही निस्तरा." आणि गेली की खुशाल!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते कानापर्यंत लाल… पण मनगट काही सोडेनात. मग हळूच त्यांनी स्वतःचा हात पुढे केला.

"माझी… बघता?"

मला कुठे मोजता येत होतं! पण बोटं टेकवली मात्र, आणि मला हसूच फुटलं. ती माझ्याहून जोरात पळत होती.

"उद्या या," ते म्हणाले. "सुयांसाठी नाही… नुसत्याच या."

मी गेले. आणि मग राहिलेच.