दहाव्याचं पीठ

माझी बायको फुलवंताबाई शहराच्या इतिहास संग्रहालयात अकरा वर्षं झाडलोट करत होती. जुन्या कचेरीची चार दालनं, नंदुरबार जिल्ह्यातून गोळा केलेली शस्त्रं, शिळा, भांडी. मधल्या दालनात काचेच्या पेटीत एक रांजण. तापीकाठी खोदताना निघालेला, तीन हजार वर्षांचा, कंबरेएवढा उंच. लोक तोच बघायला यायचे. काच पुसायचं काम तिचं.

"बाहेरतीन किती बी पुसा," ती म्हणायची, "आतमातीन धुरकटच दिखस."

मी म्हणायचो, "तुन्हा डोया तपासी ले."

चैत्रात एका दुपारी दोन शिपायांनी तिला रिक्षातून घरी आणलं. घेरी आली म्हणाले. अंग गार होतं. संध्याकाळी संग्रहालयाचे पितांबर साहेब कागद घेऊन आले. ती घरी वारली, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली. तेव्हा डोकं चालत नव्हतं.

आमच्यात माणूस जिथे गेलं तिथे दहाव्याला ज्वारीचं पीठ पसरतात. दिवा लावून त्यावर टोपली उपडी घालतात आणि पाठ करून बसतात. पिठावर गाईचं, पाखराचं, माणसाचं, जे पाऊल उमटेल, त्यावरून जीव कुठे गेला ते कळतं.

माझ्या घरातलं पीठ कोरं राहिलं. मुंगीसुद्धा फिरली नाही.

माझे चुलते दोधूबाबा पिठावर वाकले. "तिन्हा जीव आठे गया नई, पोऱ्या. जठे गया, तठे पीठ टाक. नईतं जलमभर वाट देखशी."

सोमवारी संग्रहालय बंद असतं. साहेब एकटेच होते. मी नेलेल्या पिठाच्या पिशवीत त्यांनी डोकावून पाहिलं.

"इथे भाकरी थापणार का?"

"साहेब, ती कुठे मेली?"

"घरी. तुझीच सही आहे."

"मग घरचं पीठ कोरं का?"

त्यांनी रस्त्याकडचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "अर्धा तास. नंतर स्वतः झाडून टाकायचं. कोणाला बोलायचं नाही."

म्हणजे मला उत्तर मिळालं.

दारापासून पेटीपर्यंत मी पीठ पसरलं. मधे दिवा, वर टोपली. मी आणि साहेब भिंतीकडे तोंड करून बसलो. बाहेर रिक्षा जात होत्या. मागे कसलाच आवाज झाला नाही. ओल्या मातीचा वास तेवढा आला.

वळलो तेव्हा पावलं होती.

माणसाची. बाईची. डाव्या पायाची करंगळी वर चढलेली. ते पाऊल मी तीस वर्षं घरात पाहिलं होतं.

सगळी पावलं पेटीकडे गेलेली. परतीचं एकही नाही.

पेटीला कुलूप तसंच होतं. आत, रांजणाच्या काठावर पीठ लागलं होतं. चार बोटांचं. आत उतरलेल्या माणसाने काठ धरून ठेवावा तसं.

"साहेब, किल्ली द्या."

"वस्तूला हात लावता येत नाही."

"माझी बायको आहे."

त्यांनी खिशावर हात दाबून धरला. किल्ली काढली नाही.

मी काचेला कपाळ टेकवून बघत होतो. काठावर पिठाची चार बोटं होती.

मग तीन.

मग दोन.