टिकली लावलेला कॅबिनेट

ही गोष्ट खरी आहे. माझ्या घरात घडली आहे आणि अजून संपलेली नाही.

यात अमावस्या नाही, स्मशान नाही. तारीख अकरा फेब्रुवारी, रविवार, दुपारचे चार. ठिकाण नाशिक, कॉलेज रोडच्या मागचं एक वाद्यांचं दुकान. बाहेर ऊन होतं, रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. पण त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

मी मयुरेश. राहायला इंदिरानगरला. लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांची गिटार. ती वाजत असते तेव्हा कोणाचं लक्ष नसतं, आणि थांबली की गाणं पोकळ वाटतं.

या गिटारला दोन गोष्टी लागतात. आवाज वाढवणारा अ‍ॅम्प आणि तो आवाज बाहेर फेकणारा कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेली लाकडी पेटी. या दोन्ही निवडताना भलेभले चक्रावतात. वॅट किती, ओहम जुळतात का, दहा इंची स्पीकर घ्यावा की पंधरा इंची.

माझा कॅबिनेट मी निवडला नव्हता.

माझ्या धाकट्या बहिणीने निवडला होता. आभाने.

आभा जन्मापासून ठार बहिरी होती.

तुम्ही म्हणाल, काय थट्टा करतोस. थट्टा नाही. नऊ वर्षांपूर्वी मी तिला दुकानात सोबत म्हणून नेलं होतं. तेव्हा ती सोळा वर्षांची. मी एकेका कॅबिनेटवर वाजवत होतो आणि ही बाई कंटाळून पेट्यांना हात लावत फिरत होती. एका छोट्या पेटीवर हात ठेवला, नाक मुरडलं. चार स्पीकरच्या पेटीवर ठेवला, मान तिरकी केली. म्हणजे बरा आहे.

मग कोपऱ्यातल्या जुन्या, अवजड, पंधरा इंची कॅबिनेटवर तिने तळहात टेकवला.

डोळे मिटले.

आणि मोठ्याने हसली. आपलं हसणं तिने कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे ते कसंही, कितीही मोठं यायचं. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. ती चाचपडत राहिली, लाकूड जिथे सगळ्यात जास्त थरथरत होतं ती जागा शोधली, कपाळावरची मरून टिकली काढली आणि तिथे चिकटवली.

दुकानदार धनराजभाऊ म्हणाले, "वॅट-बिट राहू द्या आता. ताईंनी पास केला."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला मी वाजवायचो आणि ती कॅबिनेटला पाठ लावून खाली बसायची. गाणं संपलं की टिकलीजवळ हाताने थापा मारायची. दोन थापा म्हणजे पुन्हा. एक थाप म्हणजे बस.

एक थाप फार क्वचित यायची. आईने पान वाढलं की तेवढी.

मग दोन हजार तेवीसचा जून आला.

कार्यक्रमांना कॅबिनेट न्यायची पद्धत मोडत चालली होती. गिटारची वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडायची, की झालं. घरी सराव केला की खालच्या प्रतिभाकाकूंच्या कपाटाच्या काचा वाजायच्या, त्या तक्रार घेऊन वर यायच्या. आणि चाळीस किलोची पेटी तीन जिने चढवून माझी कंबर गेली होती. मी कॅबिनेट धनराजभाऊंना परत विकला. सरावाला हेडफोन घेतले.

आभा तेव्हा शिवणक्लासला गेली होती. घरी आली आणि त्या मोकळ्या जागेसमोर उभी राहिली. मी हातवारे करून सगळं समजावलं. तिने मान डोलवली. मी स्वतःला म्हटलं, समजूतदार आहे पोरगी.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी हेडफोन घातले.

ती येऊन त्याच जागी बसली. कोऱ्या भिंतीला पाठ लावून.

मी एक गाणं संपवलं. तिने भिंतीवर हात मारला... दोनदा.

मी कानावरच्या हेडफोनकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. आज नको.

असं पाच महिने चाललं. मी वाजवतोय ते मलाच ऐकू येतंय, ती हातभर अंतरावर बसलेली, आणि तिला काहीच नाही. हे मला तेव्हा दिसलं नाही.

नोव्हेंबरमध्ये तिला डेंग्यू झाला. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. शेवटच्या संध्याकाळी हॉस्पिटलात मला तिच्याजवळ सोडलं तेव्हा तिने हात उचलून माझ्या छातीवर ठेवला.

दोन थापा मारल्या. अगदी हलक्या.

मी खुणेने सांगितलं, घरी चल, मग वाजवतो.

एकोणीस नोव्हेंबरला पहाटे ती गेली.

फेब्रुवारीत आईच म्हणाली, "तिला कबूल केलं होतंस ना? मग पेटी आण." म्हणून त्या रविवारी मी धनराजभाऊंकडे गेलो.

त्यांना आभाचं माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. त्यांनी नवे कॅबिनेट दाखवले, एका हाताने उचलतील असे. मी प्रत्येकावर वाजवलं आणि आभासारखा तळहात ठेवून बघितला. हाताला आवाज कळत होता. मनाला काही कळत नव्हतं.

"पंधरा इंची जुना काही आहे का?" मी विचारलं.

धनराजभाऊंनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"आहे एक. पण तो मी देत नाही कोणाला."

"का?"

त्यांनी मागच्या खोलीत नेऊन चादर ओढली.

बाजूच्या फळीवर मरून टिकली होती. रंग उडालेली.

"तुमचाच आहे हा," ते म्हणाले. "दोनदा विकला. दोनदा परत आला. पहिल्यांदा मनमाडला नेला, रेल्वेतल्या एका माणसाने. महिनाभरात फोन. म्हणे वाजवून थांबलो की आतून कोणीतरी ठोकतंय. मी खोलून बघितला, आत कापसाशिवाय काही नाही. मग वणीच्या जागरण पार्टीने नेला. त्यांचा हा बघा मेसेज."

त्यांनी मोबाइल माझ्या कानाला लावला.

"भाऊ, पेटी लय भारी हाय, पण आमाला नको. वाजवायचं थांबलं का ठोकतंय. दोनदाच ठोकतंय, मोजून. बाया घाबरल्या, घरात ठेवू देत नाय."

मी तिथेच स्टुलावर बसलो.

"मनमाडवाल्याने कधी परत आणला?"

"गणपतीच्या आधी. ऑगस्ट असेल."

ऑगस्ट...

ऑगस्टमध्ये आभा जिवंत होती. माझ्या समोर बसलेली होती. कोऱ्या भिंतीवर दोन थापा मारत होती, आणि मी मान हलवत होतो.



"जोडा," मी म्हटलं.

धनराजभाऊंनी नाइलाजाने अ‍ॅम्प जोडला. मी वाजवलं. तिला आवडायचं तेच, सगळ्यात जाड तारेवरचं. मग थांबलो.

दुकानात शांतता...

धनराजभाऊंनी दाराची चौकट घट्ट धरली. चेहरा पांढरा पडला होता.

"ऐकलंत?"

"नाही."

"अहो, आत्ता! दोनदा!"

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. नऊ वर्षं गाण्यातली बारीकशी चूक पकडणारे माझे कान, आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

कॅबिनेट मी घरी आणला. जुन्या जागी ठेवला. सात वाजता अ‍ॅम्प सुरू केला आणि वाजवलं. थांबलो. कान लावून बसलो.

काही नाही...

आई स्वयंपाकघरातून आली. हाताला कणीक तशीच. डोळे भरलेले, पण आवाज नेहमीचा.

"थांबलास कशाला? ती पुन्हा म्हणतेय ना."

"तुला ऐकू आलं?"

"तुला नाही आलं?"

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबलो. आई कॅबिनेटकडे बघून मान डोलवायची, आणि मी वेड्यासारखा लाकडाला कान लावायचो. त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो. सगळ्या जगाला हाक मारते, मलाच का नाही?

शेवटी दमलो आणि खाली बसलो. ती बसायची तसा. कॅबिनेटला पाठ लावून.

तेव्हा जाणवलं.

आवाज नाही. पाठीच्या मणक्यात, टिकलीच्या उंचीवर...

एक. दोन.

तेव्हापासून रोज सातला मी वाजवतो. गाणं संपलं की पाठ टेकवून बसतो. दोन येतात. मी पुन्हा वाजवतो. पुन्हा दोन. प्रतिभाकाकूंनी कपाटाच्या काचांना कागदाच्या घड्या लावल्यात. आता त्या तक्रार करत नाहीत.

गेल्या आठवड्यात बोट फाटलं. तारेला रक्त लागलं. मी अ‍ॅम्पचं बटण बंद केलं, वायर उपटली आणि म्हटलं, "आभा, आज पुरे गं."

पाठ लाकडाला टेकलेलीच होती.

एक...

 एकच असू दे, असं वाटलं. आणि त्याच क्षणी नको, एकच नको, असंही वाटलं.

दोन.

मी वायर परत जोडली.

नऊ महिने झाले. एकच थाप अजून आलेली नाही. ती ज्या दिवशी येईल, त्या दिवसाची मला खरी भीती वाटते.