टू पॉइंट एटची लेन्स

कॅमेऱ्याच्या दुकानात टू पॉइंट एटची, म्हणजे मोठ्या छिद्राची, जुनी मॅक्रो लेन्स एकच होती, आणि तिच्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक माझा. दुसरा अजिंक्यचा, मालगुंडच्या शाळेतल्या मास्तरांचा.

“मोठ्या छिद्राची हौस वाटतं?” तो हसत म्हणाला. “इवली फुलं काढताना ते शेवटी बारीकच करावं लागतं हो. तुम्हाला ही साडेतीनची, जरा लहान छिद्राचीसुद्धा चालेल.”

“मग तुम्हीच घ्या ना साडेतीनची!” मी फणकारले.

दुकानदार वैतागला. दोन्ही लेन्स आमच्या हाती देत म्हणाला, “रविवारी सड्यावर, त्या फुलांच्या कातळावर जावा नि काय ते ठरवा एकदाचं.”

रविवारी सकाळी मी कातळावर पालथी पडले होते. समोर सीतेच्या आसवांची निळी फुलं. छिद्र पूर्ण उघडं. एक पाकळी लख्ख, मागे मऊ तपकिरी धूर...

“बघा, किती सुंदर!”

“पण फूल कुठाय?” अजिंक्य मागून वाकून म्हणाला. “छिद्र बारीक करा, अकरावर आणून बघा.”

चिडूनच आणलं. फोटो काढला, स्क्रीनवर पाहिला. फूल आता पुरं दिसत होतं. पण मागच्या धुराला वेटोळं होतं... आणि त्या वेटोळ्याला डोळा होता.

फुरसं! तो जहरी साप माझ्या बोटांपासून वीतभर लांब.

खर्र... खर्र... ते अंगावर अंग घासत होतं. मी हात मागे घ्यायला गेले.

“शमिका, हलू नको गो,” अजिंक्य कुजबुजला. “मी आहे.”

तो इंचाइंचानं खाली बसला. ट्रायपॉड माझ्या हाताच्या नि फुरशाच्या मध्ये सरकवू लागला. त्याचा स्वतःचा हात आता अगदी फुरशाच्या तोंडाशी होता. आता मला माझी नाही, त्याची भीती वाटत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. फुरसं सावकाश कातळाच्या भेगेत शिरलं.

मी उठले ती थेट त्याचा शर्ट घट्ट धरूनच.

“लेन्स तू घे,” तो कसंबसं बोलला. “मला नको. मघाशी वाटलं, तुला काही झालं तर मी...”

“मी इथं पुन्हा एकटी येणार नाही, मास्तर. तुमच्याबरोबरच येईन. नेहमी.”

बोलून गेले आणि मग घाबरले. हा नाही म्हणाला तर?

अजिंक्य लाल होऊन दोन्ही लेन्सकडे बघत राहिला.

“मग दोन कशाला?” तो हळूच म्हणाला. “एका घरात एक पुरे.”