गालावरचा ठसा

काळा, जाडजूड रबरी पट्टा खांद्यावर टाकून एक उंच तरुण मंडळाच्या हॉलच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा नलू मुलांना मकरासन शिकवत होती. सगळी मुलं सिमेंटच्या फरशीवर पालथी पडलेली. कुणी डोळे मिटलेले, कुणी एकच डोळा मिटलेला.

"मी केवलराम. मंडळाच्या बाबारावनं धाडलं जी," तो म्हणाला. "योगाच्या वर्गाले चटया पाह्यजे म्हने."

त्याने ओझं धप्पकन खाली टाकलं. कारखान्यात माल वाहून नेणारे पट्टे असतात ना, त्यातलाच एक तुकडा होता. भंगारबाजारातून विकत आणलेला.

"मजबूत हाये," तो अभिमानाने म्हणाला. "यावरून गोटे वाहतात, तरी फाटत नाई."

"माझी मुलं गोटे नाहीत," नलू म्हणाली.

खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. भिलाईत कशाचीही अडचण आली की माणसं आधी कारखान्याकडे बघत. पायपुसणं हवं, काप पट्ट्याचा तुकडा. न्हाणीत पाय घसरतो, टाक पट्ट्याचा तुकडा. हा केवलराम तर त्या पट्ट्यांवरच कामाला होता. चटई म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार?

नलूने पट्टा उलगडला आणि शांतपणे म्हणाली, "झोपा."

"जी?"

"पालथे. नाक खाली. ही मुलं झोपलीत ना, तसे."

केवलरामने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं... आणि निमूट झोपला. थोड्या वेळाने उठला तेव्हा त्याचं नाक काळं झालं होतं आणि उजव्या गालावर पट्ट्याची खरखरीत जाळी उमटली होती. मुलं खो खो हसली. नलूने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

"वास आला?" तिने विचारलं.

"आला जी. डोकं भणभणलं."

"मुलांचं नाक तर रोज तिथेच असणार." मग तिने वर्गाचा नवा नियम सांगितला. जो चटई आणेल, त्याने आधी एक रात्र तिच्यावर झोपायचं. मुलांच्या अंगाखाली काय जाणार, ते आधी मोठ्यांच्या अंगाला कळलं पाहिजे.

दुसरा कुणी असता तर परत फिरकला नसता. केवलराम चार दिवसांनी आला. काखेत शिंदीच्या पानांची चटई... आणि गालावर कंगवा फिरवल्यासारख्या सरळ रेघा.

"टोचते," तो आत येता येताच म्हणाला.

"दिसतंय," नलू म्हणाली.

पुढच्या खेपेला घोंगडी आली. तेव्हा गाल असा लाल झाला होता, की शेवटच्या रांगेतली शेवंता "ताई, यांना गोवर आला" म्हणून ओरडली. मग तागाचं पोतं आलं. त्या दिवशी गालावर चौकटी होत्या आणि बोलताना दर दोन वाक्यांना एक शिंक. नलूला सवयच लागली. दारात सायकल टेकल्याचा आवाज झाला की ती आधी त्याच्या गालाकडे बघायची. तोही न सांगता मान वळवून गाल पुढे करायचा. गालावरून नजर डोळ्यांकडे जायला कितीसा वेळ लागतो? मग दोघंही एकदम दुसरीकडे बघत.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली होती. मुलं तिला ताई म्हणत, बाबाराव नलूताई म्हणत. केवलराम तिला काहीच म्हणत नसे. ताई म्हणायची वेळ आली की तो खोकायचा.

इकडे मार्च तापायला लागला. मोहाच्या वासाचा गरम वारा हॉलमध्ये शिरू लागला. मंडळाचे सचिव बाबाराव रंगीत प्लॅस्टिकच्या चटयांचा एक नमुना घेऊन आले. स्वस्त, धुवायला सोप्या. नलूने त्यांच्यासमोरच मुलांना एक खेळ लावून दिला. प्लॅस्टिकवर पाण्याचा थेंब टाका, आणि शेजारी एक सुती पंचा ठेवून त्याच्यावरही टाका. प्लॅस्टिकवरचा थेंब मोत्यासारखा बसून राहिला. पंच्यावरचा केव्हाच जिरला.

"आता सांगा, तुमचा घाम कुठे जाईल?"

"इथेच राहील," शेवंता प्लॅस्टिककडे बोट दाखवून म्हणाली. "मग घामोळं येईल."

"ते सब ठीक हाय नलूताई," बाबाराव म्हणाले. "पण फरशीवर पडून अर्धी पोरं आत्ताच यायची बंद झाली. सोमवारी मी दुर्गहून ह्याच घेऊन येतो. तोवर तुमचं काय ते पाहून घ्या."

शुक्रवारी सकाळी केवलराम शेवटचा नमुना घेऊन आला. नलूने तो हातात घेतला. वरची बाजू जुन्या लुगड्यांची, थरावर थर ठेवून दाट टाके घातलेली. खालच्या बाजूला अंबाडीच्या सुतळीचं जाळं, म्हणजे फरशीवर घसरायला नको. वास घेतला, तर नुसता उन्हात वाळलेल्या कापडाचा. तिचं मन एकदम हलकं झालं. सवयीने तिने त्याच्या गालाकडे पाहिलं.

गाल कोरा होता.

डोळे मात्र जागरणाने लाल होते. बाबाराव शेजारीच उभे होते, मुलं बघत होती. नलूच्या मनात काहीतरी खट्टकन मोडलं. सोमवार तोंडावर आला म्हणून यानेही टाळलं...

"केवलरामजी, यावर तुम्ही झोपला नाहीत."

"झोपलो जी. काल दिवसा. रातपाळी होती म्हून डोळे असे—"

"मग गालावर काहीच कसं नाही? मुलांच्या बाबतीत तरी खोटं बोलू नका."

तो या वेळी खोकलाही नाही. चटई नीट गुंडाळून त्याने भिंतीला टेकवली आणि सायकल घेऊन निघून गेला. शनिवारी आला नाही. त्याने यायला हवं होतं असंही कुठे होतं? पण नलूचे कान दिवसभर दाराकडेच होते.

रविवारी जेवण झाल्यावर ती कोहका वस्तीतल्या आपल्या घरी त्या चटईकडे बघत बसली. वर्ग सुटल्यावर चटई तिने घरी आणली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. उद्या प्लॅस्टिक येणार होतं. शेवटी ती चटईवर पालथी पडली, गाल टेकवला. नुसतं बघू, म्हणून...

जाग आली तेव्हा ऊन अंगणाच्या पार टोकाला गेलं होतं. श्यामराव, तिचे बाबा, दारात चहाचा कप घेऊन उभे होते.

"मले वाटलं तू रडून राहिली पालथी पडून," ते म्हणाले. "तू त घोरून राहिली होती."

नलू उठून आरशापुढे गेली. उजवा गाल पाहिला, डावा पाहिला. कुठेच काही नव्हतं. रेघ नाही, चौकट नाही, लाली नाही. ती परत येऊन लुगड्याच्या थरावर हात फिरवत राहिली. आत्ता तिला कळलं. नवं कापड अंगावर ठसा उमटवतं. जे कापड वर्षानुवर्षं धुतलं गेलं, त्याच्या धाग्यात टोचण्यासारखं काही उरतच नाही.

"बाबा, मी एकाला खोटारडा म्हटलं," ती म्हणाली. "आणि तो खरं बोलत होता."

श्यामरावांनी चहाचा एक घोट घेतला. "तुले पाह्यला आले त्या साऱ्याईत तुनं काही ना काही वास काढला. याच्यात नाई निघाला काय?"

"नाही."

"मंग सायकल घे ना. मले कावून सांगून राहिली?"

सेक्टर दोनमधल्या केवलरामच्या क्वार्टरच्या अंगणात अंबाडीचा ढीग पडला होता. केवलराम उकिडवा बसून सुतळी वळत होता. बाजूला त्याची आई मैनाबाई मांडीवर लुगडं पसरून टाके घालत होती. म्हणजे काम थांबलेलं नव्हतं; उद्या प्लॅस्टिक आणणाऱ्या बाबारावांना दाखवायला काहीतरी होतं. नलूला सायकलवरून उतरताना हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

मैनाबाईने चष्म्यावरून पाहिलं. "हेच काय गा, नाकवाल्या बाई?"

"माय, तू चूप बस."

"मी चूपच हाये. मीच म्हटलं बाप्पा, बाई नाई म्हनते त म्हनू दे. एक डाव झोपंल, मंग समजंल. तू वळ सुतळी." असं म्हणून ती लुगडं आवरून आत गेली. दार मात्र उघडंच ठेवलं.

नलू पुढे झाली. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. तिने नुसती मान वळवली आणि गाल पुढे केला... तो करायचा तसा.

"बघा," ती म्हणाली. "दुपारभर झोपले त्यावर."

केवलरामने सुतळी खाली ठेवली. अगदी गंभीर होऊन पाहिलं.

"काहीच नाई दिसत जी. कोहक्याहून इथवर येताना ठसा मिटला असंल त? मले कसं समजावं, तुमी झोपल्या का नाई झोपल्या?"

नलूने चमकून वर पाहिलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. आपलेच शब्द असे परत येतील असं तिला वाटलं नव्हतं.

"विश्वास ठेवावा लागंल," ती हळूच म्हणाली. शाळेतली शुद्ध भाषा कधी सुटली ते तिचं तिलाच कळलं नाही. "मी ठेवला नाई. माझं चुकलं."

"मी ठेवतो," तो म्हणाला.

दूर कारखान्याचा भोंगा वाजला आणि थांबला. केवलराम हातावरचे अंबाडीचे तंतू झटकत राहिला. बराच वेळ झटकत राहिला.

"खरं सांगू... मले चटयांचं काई पडलं नव्हतं. पयल्या दिवशी तुमी मले पालथं झोपवलं ना... तवापासून मी उठलोच नाई, नलू."

नाव ऐकून ती हसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हसली. "म्हणून खोकत होता का इतके दिवस?"

"मंग? ताई कसं म्हनू जी तुमाले?"

तिला उत्तर द्यायचं होतं. ओठापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात उघड्या दारातून मैनाबाईचा आवाज आला.

"केवल, पुढची केवढी शिवू गा? एकाची का दोघाईची?"

केवलराम कानापर्यंत लाल झाला. त्या गालावर आता मात्र सगळं स्वच्छ उमटलं होतं. त्याने नलूकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तिने दाराकडे तोंड केलं.

"आधी पोरांच्या होऊ द्या, आई," ती म्हणाली. "आपली मागून शिवू."