साक्ष क्रमांक २२१७

"शहाण्णव!" डॉ. ताम्हाणे म्हणाले. "एवढं वजन आजवर कुणाच्याच साक्षीचं भरलं नाही."

प्रयोगशाळेच्या पडद्यावर नाव नव्हतं, फक्त क्रमांक २२१७. आवाजही बदललेला होता. तरी मधला अडलेला श्वास ऋजुताने ओळखला. तो तिचाच होता.

घोटणदऱ्याच्या सरकारी जंगलाच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या, की हजारोंनी यायच्या. बहुतेक एकाच फॉरवर्डच्या नकला. म्हणून ताम्हाणे आणि ऋजुताने अनुभूतिमापक बनवला होता. तो बोलून नोंदवलेल्या साक्षीचं वजन करी.

"म्हणजे हा खोटं पकडतो?" वनाधिकारी मडावीबाईंनी विचारलं.

"नाही हो. अंगावरून गेलेलं की पाठ केलेलं, एवढंच याला कळतं. भोगलेलं सांगताना आधी श्वास अडतो, मग शब्द येतो. पाठ केलेल्यात श्वास अडतच नाही."

"मग झालं. पाणवठ्याची पायवाट माणसांना बंद करायची असं आमच्या मनात होतं. पण तिथे बिबट्या दिसल्याची ही साक्ष एवढ्या वजनाची निघाली, आता बिबट्याची मादीच पकडून हलवावी लागेल. पिल्लं दीड महिन्याची आहेत. पकडापकडीत ती जगायची नाहीत."



साक्षीतल्या त्या रविवारी ऋजुता पाणवठ्याशी फोनवर मेल वाचत होती. मान वर केली तेव्हा तिची चार वर्षांची लेक रेवा जवळ नव्हती. सापडली वीस मिनिटांनी, करवंदीच्या जाळीत, एक चप्पल हरवून हसत बसलेली. घरी सासूबाईंनी विचारलं, "पायाला एवढे ओरखडे कसले?" आणि मुलीला द्राक्षंसुद्धा चिरून देणाऱ्या ऋजुताच्या तोंडून निघून गेलं, "बिबट्या दिसला, आई. पळालो आम्ही." सासूबाईंनी ते सोसायटीभर सांगितलं. सोसायटीने साक्ष द्यायला लावली. बोलताना 'बिबट्या' म्हणायची वेळ आली, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ती रिकामी पायवाट उभी राहिली होती.

सुनावणीच्या सकाळी ती उठून माईकसमोर गेली. तीन दिवस न्हाणीघरात घोकलेलं तिने म्हणून दाखवलं. "क्रमांक २२१७ माझा आहे. मी पाहिलेला प्राणी बिबट्या नसावा, कदाचित कुत्रा असेल. माझी साक्ष रद्द करावी."

"कुत्रं?" पाड्यावरचे काशिनाथ भोये मागून म्हणाले. "सोसायटीत आलं की त्याचा बिबट्या होतो काय, ताई?"

लोक हसले. दालनात मांडलेल्या मापकावर आकडा आला. अकरा.

"पाठ केलंस तू," ताम्हाणे हळूच म्हणाले. "जास्त वजनाची साक्ष टिकते, ऋजुता. नियम तूच लिहिलास."

पहिल्या रांगेत सासूबाई रेवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या तिथूनच कडाडल्या, "कुणाच्या दबावाखाली बोलतेस गं? घाबरू नकोस! आमच्या सुनेनं पोरीला वाघाच्या तोंडातून आणलंय, साहेब!"

ऋजुताने माईक घट्ट धरला.

"आई... कुत्रासुद्धा नव्हता. मी फोन बघत होते. रेवा... वीस मिनिटं नव्हती. आणि मी... मी हाका मारल्या नाहीत, आई. लोक गोळा होतील, म्हणतील हिनं पोर हरवली... म्हणून मी तिला हाकसुद्धा मारली नाही."

मापकाचा आकडा चढत चढत थांबला. शहाण्णव.

मडावी वाकून पाहत राहिल्या. "दोन्हीला तेवढंच?"

"भीती तीच होती," ताम्हाणे म्हणाले. "याच्या लेखी दोन्ही खरंच."

"मग आम्ही कुठली साक्ष धरायची?"

ताम्हाण्यांनी ऋजुताकडे पाहिलं. या प्रश्नासाठी तिने नियम लिहिलेला नव्हता.

"दुसरी धरा," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "असलं खोटं कोणती आई बोलेल?"

ऋजुताकडे त्यांनी पाहिलं नाही. रेवा मांडीवरून उतरून आईकडे जायला धडपडत होती. सासूबाईंनी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.