चेपलेला मणी

मधुकरराव भंडाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा नागपूरच्या मुलाने, मंगेशने, वॉटर फ्लॉसर आणून दिला. टाकीत कोमट पाणी भरायचं, नळीचं टोक दाताच्या फटीशी धरायचं, बटण दाबायचं. बारीक धार अडकलेलं सगळं उकरून काढते. पहिल्या सकाळी आरसा, भिंत आणि बनियन, तिघांचीही आंघोळ झाली.

"तोंड मिटून धरा ना जी," त्यांची बायको, कुंताबाई, पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "होळी खेळून राहिले का?"

हळूहळू हात बसला. मग एका सकाळी धारेसोबत लाखोरीच्या पालेभाजीचं पान पडलं. आदल्या दिवशी घरात वांगी होती. दुपारी कुंताबाईंनी बाजारातून लाखोरीच आणली. मधुकरराव थबकले, पण जेवले. पुढे एकदा बेसिनमध्ये झिंग्याची लांब मिशी आली. घरात मासळी नव्हती. दुपारी शेजारच्या उषाबाई डबा घेऊन दारात हजर.

"वैनगंगेचे झिंगे हायेत, गुरुजी. एकदम ताजे."

योगायोग, असं त्यांनी स्वतःला बजावलं. घास मात्र गोड लागेना.

आणि आज सकाळी तुळशीचं पान आलं. मागोमाग टण्कन एक सोन्याचा मणी पडला, एका अंगाने चेपलेला. ते धरायला गेले तोवर तो भोकातून खाली गेला. वडील गेले तेव्हा त्यांच्या तोंडात तुळशीपान आणि सोनं मधुकररावांनीच ठेवलं होतं.

ते स्वयंपाकघरात धावले. कुंताबाईंच्या मंगळसूत्रातला तसाच चेपलेला मणी जागच्या जागी होता.

मधुकररावांना मरणाची भीती वाटली. विज्ञान कुठल्या कुठे पळालं. त्यांनी अंगणातली तुळस मुळासकट उपटून नालीत टाकली, चहा परत केला.

"तुळस काहून उपटली? काय झालं तुमाले?"

"आज माह्या तोंडात काही घालू नको, कुंता. पाणीबी नको."

आणि दात आवळून खुर्चीत बसले.

दुपारी कुंताबाईंनी पुन्हा विचारलं. त्यांना उत्तर द्यायचं होतं. जबडा उघडेना.

दातखिळी बसली होती. हातही हलेनात.

कुंताबाईंच्या हाका ऐकून उषाबाई धावत आल्या. त्यांनी ऑटोवाल्याला फोन केला, चमच्याने दात उघडून पाहिले, ते उघडले नाहीत, मग घरी जाऊन आपल्या कुंडीतली तुळस तोडून आणली.

"रस सोडा ओठावर, वहिनी. जाते दातखिळी."

नको, नको, असं मधुकरराव डोळ्यांनी सांगत होते. कुंताबाईंना त्या डोळ्यांत फक्त तहान दिसली.

त्या वाकल्या. मंगळसूत्र खुर्चीच्या हाताला अडकलं. दोरा तुटला.

जबडा आपोआप उघडला.

"उघडलं, बाई, उघडलं!" कुंताबाईंनी रडत रडत पान त्यांच्या जिभेवर ठेवलं. मग खाली बसून मणी वेचू लागल्या.

"चेपलेला तेवढा दिसून नाही राहिला जी."

मधुकररावांच्या दातावर काहीतरी हलकेच वाजलं.